एमजीबी (१९६६): पॉइंट ठेवू, मॉड्यूल बसवू की अख्खा डिस्ट्रिब्युटर बदलू?

हिरवी_एमजीबी

नमस्कार मंडळी,

गाडीची माहिती आधीच देतो, म्हणजे कुणाला विचारायला नको. १९६६ ची एमजीबी रोडस्टर, १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग). डायनॅमो आहे, अल्टरनेटर नाही. अर्थिंग पॉझिटिव्ह (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला), कारखान्यातून आली तसंच. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या.

आता तक्रार. सकाळी सेल्फ मारला की लगेच चालू होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण जुन्या कात्रज घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की अठराशे-दोन हजार आरपीएमला खटखट सुरू. मेकॅनिकने टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं केलं. खटखट गेली, पण त्याबरोबर जीवही गेला. आता गाडी ओढतच नाही. आयडलिंगलाही आरपीएम एका जागी थांबत नाही. शिवाय नवे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) टाकले की बघता बघता त्यांचा गॅप कमी होतो आणि परत फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पट्टी, घेऊन बसावं लागतं.

माझ्यासमोर तीन रस्ते आहेत. आहे तो २५डी४ दुरुस्त करून पॉइंटवरच चालवायचा. किंवा त्याच्याच पोटात पॉइंटऐवजी पर्ट्रॉनिक्ससारखं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं. किंवा सरळ नवा १२३ इग्निशन कंपनीचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर मागवायचा. मन तिसऱ्याकडे ओढतंय, खिसा पहिल्याकडे. कुणी केलंय का पुण्यात?

पेठेतला_पुणेकर

साठीच्या गाडीला घाट तिसऱ्यात चढवता आणि वर ती कुरकुरते म्हणून धागा काढता? दुसरा गिअर कशासाठी दिलाय?

टेस्टबेड

पुणेकरांचा सल्ला फुकट आहे आणि अर्धा बरोबरही आहे. पण दोन हजारावर तिसऱ्यात एवढी खटखट व्हायला नको.

हिरवी, खरेदीचं नंतर बघू. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा डेल्को, फक्त करंट वाटत नाही. पॉइंट उघडून ठिणगी पाडणं हे त्याचं एक काम. ती किती आधी पाडायची हे ठरवणं हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं. चार सिलिंडरच्या इंजिनाला ३,००० आरपीएमवर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. पॉइंट आणि कॉइल ठीक असतील तर २५डी४ तेवढ्या आरामात देतो. मिश्रण पेटून दाब तयार व्हायला ठरावीक वेळ लागतो. इंजिन जोरात फिरायला लागलं की तेवढ्या वेळात क्रँक जास्त अंश फिरून जातो, म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते; त्यालाच अ‍ॅडव्हान्स म्हणतात. ते काम खालची दोन वजनं आणि दोन स्प्रिंग करतात. पाय हलका असताना मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, तेव्हा आणखी थोडा अ‍ॅडव्हान्स हवा. तो बाजूची, इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारी व्हॅक्यूमची डबी देते.

तुमची लक्षणं पहा. ठिणगी कमजोर असती तर मिसिंग झालं असतं, वरच्या आरपीएमला गाडी तुटली असती. तुमची गाडी खटखटते. टायमिंग मागे घेतलं की मरते. म्हणजे ठिणगी आहे, पण चुकीच्या वेळी. मॉड्यूल बसवलंत तर चुकीच्या वेळी जास्त चांगली ठिणगी पडेल, दुसरं काही नाही.

म्हणून आधी एवढं तपासा. कॅप काढा, रोटर काढा आणि शाफ्टचं टोक चिमटीत धरून आडवं हलवा. हाताला खेळ जाणवला तर शाफ्टचे बुश (तो ज्यांत फिरतो त्या नळ्या) गेले. मग व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि नळीच्या टोकाला जीभ लावून ठेवलीत तर तिथेच राहिली पाहिजे; परत आली तर पडदा फाटलाय. त्यानंतर बेसप्लेट काढून स्प्रिंग बघा. मूळच्या दोन स्प्रिंग सारख्या नसतात, एक पातळ आणि एक जाड असते. जाड स्प्रिंगचा फास थोडा लांबट असतो, म्हणून ती उशिरा कामाला लागते.

आणि बॉडीवर ठोकलेला नंबर वाचून इथे टाका. तुमच्या सालच्या इंजिनाला ४०८९७ असायला हवा.

ओरिजिनल_ठेवा

मूळ वस्तू काढून प्लास्टिकची खेळणी बसवायचीच असतील तर जुनी गाडी ठेवायचीच कशाला? पॉइंट रस्त्याच्या कडेला नखकाम करायच्या कानशीनेही साफ करता येतात. मॉड्यूल गेलं की टोइंगवाल्याला फोन.

शिवाय ज्यांना विंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचाय त्यांनी २०२१ चा नियम वाचावा. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. वीस हजार फी भरून वर शंका कशाला ओढवून घ्यायच्या?

लाल_हेराल्ड

काका, नियमात शब्द मोठ्या फेरफारांचा आहे. एका बोल्टवर निघणारा डिस्ट्रिब्युटर त्यात कसा बसेल? जुना कपाटात ठेवला की हवा तेव्हा परत बसवता येतो. आमच्या हेराल्ड गाडीला मॉड्यूल आहे आणि बॉनेट उघडून बघणाऱ्यांपैकी कुणाला ते कॅप काढेपर्यंत कळत नाही.

टोइंगचा मुद्दा मात्र खरा आहे. मॉड्यूल जातं तेव्हा आधी सांगून जात नाही. मी डिकीत बेसप्लेटवर बसवलेला पॉइंट-कंडेन्सरचा जुना सेट ठेवते, गॅप लावून तयार.

नानापेठ

हिरवी भाऊ, एक गोष्ट कुणी बोललं नाही. तुमचं इंजिन आणि अ‍ॅम्बॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन एकाच घरातले, बीएमसीची बी-सिरीज. एमजीए १५०० ला तर तेच १४८९ होतं. त्यामुळे लुकास-टीव्हीएसचे अ‍ॅम्बॅसिडरचे पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर यांवर आपली बरीच कामं निघतात. नाना पेठेत जुन्या दुकानदाराकडे अजून डबीत बंद असलेला जुना माल मिळतो. जुनी कॅप बरोबर न्या, शेजारी धरून बघा, मगच पैसे द्या. रविवारी जुन्या बाजारात अख्खे डिस्ट्रिब्युटरही दिसतात, पण तिथे शाफ्ट हलवून बघितल्याशिवाय हात घालू नका.

नवीन डुप्लिकेट पॉइंटपासून लांब राहा. कॅमवर घासणारी टाच लवकर झिजते म्हणूनच गॅप कमी होतो. जुन्या मालातले घ्या आणि कॅमला ग्रीस लावा. बोटभर नाही, नखावर मावेल एवढंच. जास्त झालं तर उडून पॉइंटवर जातं.

टेस्टबेड

नानापेठ यांच्याशी सहमत, एका पुस्तीसह. अ‍ॅम्बॅसिडरचा अख्खा डिस्ट्रिब्युटर उचलून एमजीबीवर लावू नका. बसेल, गाडी चालेलही. पण त्याचा अ‍ॅडव्हान्स कमी कॉम्प्रेशनच्या, वेगळ्या इंजिनासाठी लावलेला आहे. फार तर त्याची बॉडी वापरा, आतलं सामान एमजीबीचंच हवं.

आणि रोटर घेताना पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेला घेऊ नका. रिव्हेटचं टोक आतल्या स्प्रिंगच्या जवळ येतं, करंट प्लास्टिक भेदून शाफ्टवर उतरतो आणि गाडी गरम झाली की बंद पडते. गार झाली की परत चालू. माणूस पेट्रोल पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळं उघडतो आणि दोष या एवढ्याशा तुकड्यात असतो. रिव्हेट नसलेले लाल रोटर मिळतात, तेच घ्या.

इथे_चांगलं_पेट्रोल_मिळेल

एवढं सगळं कशाला? ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल टाकल्यावर जुन्या गाड्या खटखटणारच. सगळा दोष इथेनॉलचा.

टेस्टबेड

इथेनॉलच्या नावावर बरीच पापं खपतात, हे मात्र नको. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे खटखटीच्या बाबतीत त्याने मदतच व्हायला हवी. त्याचे त्रास वेगळे: मिश्रण विरळ होतं, जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधले वॉशर खराब होतात. विरळ मिश्रणाने इंजिन गरम चालतं आणि त्याने खटखटीला थोडा हातभार लागतो, हे मान्य. हिरवी, प्लगचा रंग बघा. पांढरा फटक असेल तर कार्ब्युरेटरचे जेट खाली घ्यावे लागतील. पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी, म्हणजे सिलिंडरमधला दाबही कमी. त्यामानाने इथे खटखट कमी व्हायला हवी.

संपादक

इथेनॉलसाठी वेगळा धागा आहे, तिकडे मैदान मोकळं आहे. इथे डिस्ट्रिब्युटरच राहू द्या.

हिरवी_एमजीबी

टेस्टबेड काका, सांगितलंत ते सगळं केलं. रविवारची दुपार त्यात गेली आणि हातांचा पेट्रोलचा वास अजून जात नाही.

नंबर ४०८९७ च आहे. शाफ्ट हलतो, फार नाही, पण डोळ्याला दिसतो. व्हॅक्यूमची डबी मेलेली, तोंडाने ओढलं तर नुसती हवा येते. प्लग तपकिरी आहेत, म्हणजे मिश्रण ठीक असावं.

आणि आता गंमत. बेसप्लेट उचलली तर खाली दोन्ही स्प्रिंग एकसारख्या! दोन्ही पातळ, एक तर हाताने वळवून केल्यासारखी दिसते. आधीच्या कुठल्या तरी मालकाच्या काळात कुणीतरी मिळेल ती लावलेली दिसते. कॅमखालच्या तुकड्यावर १०° कोरलंय.

आणखी एक. पॉइंटच्या प्लेटला बॉडीशी जोडणारी विणलेली छोटी अर्थ वायर अर्धी तुटलेली आहे, दोन-तीन तारांवर लटकतेय.

टेस्टबेड

सापडलं की मग.

तो १०° डिस्ट्रिब्युटरचा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर २० अंश. तुमचं स्थिर टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूच्या) १० अंश आधी. एकूण तीस. हा हिशोब बरोबर आहे, घोळ वेळेचा आहे. कंपनीच्या तक्त्यात ते वीस अंश हळूहळू वाढत साधारण २,२०० आरपीएमला पुरे होतात. दोन पातळ स्प्रिंग लावल्या की वजनं लगेच उघडतात आणि पंधराशेच्या आतच सगळा अ‍ॅडव्हान्स येऊन जातो. घाटात, कमी आरपीएमला, पूर्ण लोडवर इंजिनाला तो नको असतो. म्हणून खटखट. मेकॅनिकने टायमिंग मागे घेतलं तेव्हा खालचा अ‍ॅडव्हान्स आटोक्यात आला, पण वरचाही तेवढाच कमी झाला. म्हणून मरगळ. त्या बिचाऱ्याने ऐकू आलं त्यावर इलाज केला. टायमिंग लाइट लावून, आरपीएमबरोबर टायमिंग कसं बदलतं तो वक्र कुणी पाहिलाच नाही.

आयडलिंगचं वरखालीही यातच आहे. पातळ स्प्रिंगमुळे आयडलिंगलाच वजनं हवी त्यापेक्षा जास्त उघडतात, आरपीएम वाढलं की अ‍ॅडव्हान्स वाढतो, त्याने आरपीएम आणखी वाढतं, मग पडतं. त्यात शाफ्ट डुगडुगतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पॉइंटचा गॅप वेगळा. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, हे लक्षात ठेवा. गॅप मोठा केला तर पॉइंट आधी उघडतात, टायमिंग पुढे जातं. म्हणून नेहमी आधी गॅप, ०.०१४ ते ०.०१६ इंच, आणि मग टायमिंग. उलट केलं तर मेहनत वाया.

ती अर्थ वायर आजच बदला. व्हॅक्यूमने प्लेट पुढेमागे होते तशी ती वाकते आणि तुटते. पूर्ण तुटली की अर्थिंग प्लेटच्या बेअरिंगमधून, लागलं तर लागलं.

नानापेठ

बुशचं काम भोसरीत करा. एखादा म्हातारा टर्नर गाठा, ज्याने स्कूटरच्या मॅग्नेटोचे बुश केलेत. सच्छिद्र ब्राँझचे बुश असतील तर दाबून बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायला सांगा. आणि शाफ्ट काढताना खालचा ड्राइव्ह डॉग (शाफ्टला इंजिनाशी जोडणारा तुकडा) काढावा लागतो, पिन ठोकून. काढण्याआधी रोटरची खाच आणि डॉगची जीभ यांची दिशा टोकदार सुईने बॉडीवर खुणा करून ठेवा. जीभ मध्यावर नसते, जरा एका बाजूला असते. उलटी बसली तर रोटर १८० अंश उलटा बघेल.

लाल_हेराल्ड

उलटी बसलीच तर घाबरू नका. चारही प्लगच्या वायरी कॅपवर दोन-दोन घरं पुढे सरकवल्या की झालं. १-३-४-२ तोच क्रम, घड्याळाच्या उलट दिशेने. फक्त पुढच्या मालकासाठी कॅपच्या आत चिठ्ठी ठेवा, नाहीतर तो असाच एक धागा काढेल.

वायरमन

१२३ घ्यायचाच असेल तर एक सांगतो. तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. १२३ चं पॉझिटिव्ह अर्थचं वेगळं मॉडेल येतं, ऑर्डर देताना तेच मागा. पर्ट्रॉनिक्सचंही तसंच. साधं निगेटिव्हचं मॉडेल उलट्या अर्थिंगवर लावलं की पहिल्याच चावीला आतली इलेक्ट्रॉनिक्स खलास, वॉरंटीत बसत नाही.

काही जण म्हणतील, गाडीच निगेटिव्ह करून टाका. करता येतं. बॅटऱ्यांच्या वायरी उलटवायच्या, कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, डायनॅमोच्या एफ टर्मिनलला बॅटरीची लाइव्ह वायर क्षणभर टेकवून त्याचा ध्रुव बदलायचा. पण तुमच्या गाडीतला आरपीएम मीटर इलेक्ट्रॉनिक आहे, तोही आतून उलटवावा लागेल, आणि कुणी आधी जोडलेला रेडिओ वगैरे असेल तर तोही बघावा लागेल. नुसत्या डिस्ट्रिब्युटरसाठी मी एवढं करणार नाही.

कॉइलही बघा. तुमच्या गाडीत बॅलास्ट (कॉइलच्या आधीचा रेझिस्टन्स) नाही, म्हणजे कॉइल साधारण ३ ओहमच्या वरची असायला हवी. मीटर लावा. कुणी मध्येच दीड ओहमची बॅलास्टवाली कॉइल घातली असेल तर साध्या मॉड्यूलला ती जाळून टाकेल. चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसायची सवय असेल तर तीही सोडा. इंजिन बंद असताना कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि साध्या मॉड्यूलचा त्यात कोळसा होतो. १२३ मध्ये इंजिन थांबलं की करंट आपोआप तुटतो, हा त्याचा फायदा खरा.

ओरिजिनल_ठेवा

बघा, सगळं फिरून आलं ना पॉइंटवरच. दोन स्प्रिंग, एक डबी, दोन बुश, एक बोटभर वायर. एवढ्यासाठी हॉलंडहून डिस्ट्रिब्युटर मागवणार होता.

हिरवी_एमजीबी

मागवणारच आहे, काका. :) पण आधी जुना नीट करून बघतो. नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

हिरवी_एमजीबी

प्रगती. स्प्रिंगची जोडी आणि व्हॅक्यूमची डबी इंग्लंडहून मावसबहिणीच्या बॅगेतून आली. डबीवर ५-१३-१० ठोकलंय. म्हणजे ५ इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला सुरू, १३ ला संपतो, डिस्ट्रिब्युटरचे १० अंश. बुश भोसरीत झाले. टर्नर काकांनी शाफ्ट हातात घेतला, नखाने चाचपला आणि म्हणाले, "शाफ्टला काही नाही झालं, बुशच खाल्लेत." दोन तासांत बुश बसवून, रीमर मारून हातात दिला. आता शाफ्ट हलत नाही, पण बोटाने फिरवला की लोण्यासारखा फिरतो.

जोडणी करताना एक गोष्ट नव्याने कळली, म्हणून नवख्यांसाठी लिहितो. २५डी४ च्या बाजूला खाचा असलेली गोल चकती असते, ए आणि आर अशी अक्षरं असतात. क्लँप न सोडता तिने टायमिंग थोडं पुढेमागे करता येतं. माझ्या गाडीत ती पार एका टोकाला गेलेली होती. मी ती मध्यावर आणली, मग एक नंबरचा पिस्टन १० अंशांवर ठेवून, पॉइंटच्या टर्मिनलला बल्ब जोडून बॉडी फिरवली आणि बल्ब जिथे पेटला तिथे क्लँप आवळला. जपून आवळा, पत्र्याचा आहे, जास्त आवळला की वाकतो.

टायमिंगच्या खुणा माझ्या इंजिनाला खाली आहेत. गाडी रँपवर घेऊन खालून लाइट मारावा लागला. पुलीच्या खाचेला पांढरा रंग लावला, नाहीतर काही दिसत नाही. व्हॅक्यूमची नळी काढून बुच मारलं. ६०० ला चौदा, आणि तिथून वाढत २,२०० च्या पुढे तीसवर थांबला. खूण एकदम स्थिर. पूर्वी तिथे दोन-दोन खुणा नाचायच्या.

मग कात्रज. तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबून. खटखट नाही. आणि गाडी ओढतेय. बोगद्यापाशी वर आलो तेव्हा बायको म्हणाली, "झालं ना मग, आता घरातलं टपकणारं नळकांडं बघ."

टेस्टबेड

दणदणीत. आता रोटरखालच्या स्क्रूवर सर्व्हिसला दोन थेंब तेल टाकत जा. तो स्क्रू काढायचा नाही, बाजूच्या फटीतून तेल आपलं आपण उतरतं. हे कुणी करत नाही म्हणूनच शाफ्ट जातात.

इथे_चांगलं_पेट्रोल_मिळेल

म्हणजे इथेनॉल नव्हतं तर. बरं.

लाल_हेराल्ड

वाचनखूण साठवली. हिरवी, १२३ रद्द का मग?

हिरवी_एमजीबी

आला आणि लागलाही. प्रामाणिक तुलना लिहितो, कारण इंटरनेटवर सगळीकडे "नवी गाडी झाली" असंच वाचायला मिळतं.

पॉझिटिव्ह अर्थचं मॉडेल, सोळा वक्रांचं. मोबाइलवरून वक्र आखायचं महाग मॉडेल असतं ते नाही. मला घाटात थांबून ब्लूटूथ लावायची हौस नाही. बुडाशी एक षटकोनी बुच आहे, ते काढलं की आत बारीक फिरता स्विच दिसतो. कागदावरच्या तक्त्यातून मूळ ४०८९७ च्या सगळ्यात जवळचा वक्र निवडला. बारीक स्क्रूड्रायव्हर आणि वाचायचा चष्मा लागतो. आत वजनं नाहीत, स्प्रिंग नाहीत, पॉइंट नाहीत. टायमिंग लावायला पिस्टन स्थिर खुणेवर आणायचा, चावी चालू करायची आणि हिरवा दिवा लागेपर्यंत बॉडी फिरवायची. वेळ गेला तो क्लँपपर्यंत हात पोचवण्यात.

प्लगच्या जुन्या वायरी नुसत्या तांब्याच्या होत्या. १२३ ला रेझिस्टन्स लागतो, म्हणून ५ किलो-ओहमच्या प्लगकॅप घातल्या.

फरक? आयडलिंग सुधारलं, एकाच आरपीएमवर बसून राहतं. थंड इंजिन चोक लवकर सोडतं. वरच्या आरपीएमला थोडी मोकळी वाटते, पण ते नव्या वस्तूचं कौतुकही असू शकेल. घाटात मात्र दुरुस्त केलेल्या २५डी४ मध्ये आणि यात मला फरक सांगता येणार नाही. घाटाचं दुखणं स्प्रिंगने गेलं, १२३ ने नाही. कुणाचा बुश-शाफ्ट ठीक असेल आणि बजेट नसेल तर माझ्या मते स्प्रिंग, डबी आणि जुन्या मालातले पॉइंट एवढ्यावर निभावतं. मी १२३ ठेवतोय ते फिलर गेज घेऊन बसायचा कंटाळा आलाय म्हणून. २५डी४ गॅप लावून, तेल घालून, फडक्यात गुंडाळून डिकीत आहे. ओरिजिनल काका, तुमच्यासाठी.

आता नवीन प्रश्न. १२३ लावल्यापासून आरपीएम मीटरचा काटा मध्येच उडी मारतो. चार हजाराच्या वर तर काहीही दाखवतो. पॉइंटवर होता तोवर ठीक होता.

वायरमन

अपेक्षित होतं. तुमचा स्मिथ्सचा मीटर कॉइलकडे जाणाऱ्या पांढऱ्या वायरमधला करंट मोजतो. मीटरच्या पाठीमागे ती वायर एका प्लास्टिकच्या तुकड्यातून वेटोळं घालून जाते. इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर करंट वेगळ्या पद्धतीने तोडतो, मीटरला ते कळत नाही. आधी तिथले दोन्ही बुलेट कनेक्टर साफ करून घट्ट बसवा, साठ वर्षांचा गंज असतो. तरी उड्या मारल्या तर त्याच वायरचं आणखी एक वेटोळं द्या. दिशा मूळ वेटोळ्याचीच ठेवा, उलटं दिलंत तर काटा जागचा हलणार नाही. त्यानेही भागलं नाही तर मीटर उघडून आतला सर्किट बोर्ड बदलावा लागेल, आणि ते काम घरी करू नका.

लाल_हेराल्ड

माझा प्रश्न राहिला. त्या पातळ स्प्रिंग काढल्यात त्या फेकल्या नसतील तर मला हव्यात. हेराल्डची एक स्प्रिंग गेलीय.

टेस्टबेड

ताई, हात जोडतो, त्या नका लावू. एमजीबीत त्या कुठून आल्या तेच कुणाला माहीत नाही. हेराल्डच्या डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवरचा नंबर वाचा आणि फोटोसकट नवा धागा काढा. उरलेली स्प्रिंग, वजनं आणि कॅमवरचा अंशाचा आकडा तिन्ही फोटोत आले पाहिजेत.